जालन्याचा नाताळ आणि ऊदाचा डबा

डिसेंबरचा तिसरा आठवडा लागला की माझ्या मोबाइलवर दोन संदेश हमखास येतात. पहिला मोहल्ल्याच्या ग्रुपवर, उर्दूत: ख्रिसमसची मुबारकबाद देऊ नका, आपल्या मुलांना त्या दिवसापासून दूर ठेवा. दुसरा जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर, मराठीत: नाताळ हा परदेशी सण आहे, २५ डिसेंबरला तुळशीपूजन करा, आपल्या मुलांना सांताक्लॉज बनवू नका. हे दोन्ही संदेश पाठवणारी माणसं एरवी एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत. पण या एका आठवड्यात त्यांचं म्हणणं जवळजवळ एकच असतं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून दोन्ही ग्रुपांत आहे. दोन्ही संदेश वाचताना माझी नजर एकाच शब्दावर अडते, तो म्हणजे 'मुलं'. भीती सणाची नाही, मुलांची आहे. या भीतीची थट्टा करायला मी हा लेख लिहीत नाही. मला स्वतःला दोन मुली आहेत आणि तीन वर्षांपूर्वी याच भीतीपोटी मी धाकटीच्या बाबतीत एक चूक केली. ती शेवटी सांगतो. आधी या भीतीचा इतिहास सांगतो, कारण त्याचं एक टोक मुंबईच्या कोर्टात आहे आणि दुसरं आपल्या जालन्याच्या वेशीवर.

पण त्याआधी 'परदेशी' या शब्दाचं काय ते पाहू. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, हे खरं. त्यांचा 'नताल' मूळच्या लॅटिन शब्दावरून आला आणि त्याचा अर्थ जन्म, जन्माचा दिवस. अरबीत याच सणाला 'ईद-उल-मिलाद' म्हणतात आणि मिलाद म्हणजेही जन्म. उर्दूत आम्ही त्याला 'बडा दिन' म्हणत आलो. पोर्तुगीजांकडून आला म्हणून नाताळ परका म्हणायचा, तर पाव, बटाटा, काजू आणि घराची चावी हेही बाहेर ठेवावं लागेल. हे सगळे शब्द त्याच गलबतांतून उतरले.

आणि गोष्ट तर मराठीत चारशे वर्षांपासून आहे. फादर स्टीफन्स या मूळच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात, राचोल इथं छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या. ज्या ओवीत ज्ञानोबांनी गीता सांगितली, त्याच ओवीत बेथलेहेमच्या बाळाचा जन्म सांगितला गेला. या भाषेत कोणी पाहुणा आला की ती त्याला आधी ओवी शिकवते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनाही तिने तेच शिकवलं होतं.

आता भीतीच्या इतिहासाकडे येतो.

१८४३ साल. मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण बाप्तिस्मा घेतो. त्याच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी राहायला जातो. श्रीपतचं वय जेमतेम बारा. वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतात आणि कोर्ट मुलाला वडिलांच्या ताब्यात देतं. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपलं. घराच्या दृष्टीने ते तिथे सुरू झालं. मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला परत जातीत कसं घ्यायचं?

'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर इथे पुढे आले. प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्यावं, अशी खटपट त्यांनी केली. सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला. म्हणजे एका बारा वर्षांच्या मुलाला एका बाजूने मिशनऱ्यांनी धरलेलं, दुसऱ्या बाजूने बापाने, आणि ज्या घरी तो परतला त्या घराच्या उंबऱ्यावर जात आडवी उभी. मुलगा कोणाचा, हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. आज त्या कागदपत्रांच्या हकिकती वाचताना मला, एका मास्तराला, वेगळाच प्रश्न पडतो: त्या मुलाला रात्री झोप लागत असेल का?

असं प्रकरण तेव्हा एकच नव्हतं. त्याआधी १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईतल्या मिशनच्या शाळेतून पालकांनी बहुतेक मुलं काढून घेतली होती. म्हणून मी म्हणतो, ही भीती खोटी नाही. मुलं शिकायला, खेळायला, जेवायला दुसऱ्याच्या घरी गेली आणि परत आली नाहीत, असं आपल्या आजोबांच्या आजोबांनी पाहिलेलं आहे. शेजाऱ्याचा सण म्हटलं की जी धास्ती वाटते, तिची मुळं अशी खोल आहेत.

पण दोन भावांपैकी थोरल्याची गोष्ट अजून बाकी आहे, आणि ती जालन्याची आहे.

नारायण शेषाद्री १८५४ मध्ये पाद्री झाले आणि पुढच्या दशकात निजामाच्या मुलखात, जालन्याला येऊन काम करू लागले. जालन्यात इंग्रज त्याआधीच आले होते. आपल्याच जिल्ह्यातल्या असईच्या रानात १८०३ मध्ये मराठ्यांची आणि वेलस्लीची लढाई झाली. पुढे १८२७ मध्ये जालन्याला लष्करी छावणी बांधली गेली. छावणीत गोरे अधिकारी असणार, तेव्हा 'ख्रिसमस'ही असणार. पण तो तारेच्या कुंपणाआतला साहेबाचा सण. जालन्याचा 'नाताळ' त्या छावणीने घडवला नाही. तो घडवला पगडीतल्या या पाद्र्याने आणि गावकुसाबाहेरच्या माणसांनी.

शेषाद्रींकडे जी माणसं आली ती मुख्यतः मांग आणि महार समाजातली होती. आपल्या गावात त्यांना विहिरीला हात लावता येत नव्हता. त्यांना वसवायला जमीन हवी होती. ती दिली हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी. १८७० च्या सुमारास जालन्यापासून काही मैलांवर त्या जमिनीवर एक नवं गाव उभं राहिलं आणि त्याचं नाव ठेवलं बेथेल.

उर्दूच्या मास्तराने या नावाजवळ थांबायलाच हवं. बेथेल हा इब्रानी शब्द, 'बेत' आणि 'एल'. बेत म्हणजे घर, आपलं 'बैत', बैतुल्लाहमधलं. एल म्हणजे ईश्वर. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांनी त्या जागेला हे नाव दिलं, असं बायबलमध्ये आहे. बेथलेहेममधलं 'बेथ'ही तेच, भाकरीचं घर. जालन्याच्या माळावर, मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, जन्माने ब्राह्मण असलेल्या पाद्र्याने, गावाने बाहेर ठेवलेल्या माणसांसाठी अल्लाहचं घर असा अर्थ होणारं गाव वसवलं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं हे पान शाळेत कोणी वाचून दाखवत नाही.

सालारजंगांनी हे निव्वळ मायेपोटी केलं असं मी म्हणणार नाही. राज्य चालवणाऱ्याचे हिशेब असतात. पडीक जमीन लागवडीखाली येते, इंग्रज खूश राहतात. पण हिशेब करूनही त्यांनी दार उघडलं, बंद केलं नाही, एवढं खरं. मला हे वाचताना दर वेळी हबशाचा नजाशी आठवतो. मक्केत छळ झाला तेव्हा पहिल्या मुसलमानांना आसरा देणारा राजा ख्रिस्ती होता. त्याच्या दरबारात हजरत जाफर यांनी सूरह मरियममधल्या आयती वाचून दाखवल्या आणि तो रडला, हे आपण प्रत्येक मदरशात शिकतो. ते कर्ज फेडायला सालारजंग निघाले होते असं नाही. पण मला ती फेड वाटते.

नारायण शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या धर्मपरिषदेपर्यंत जाऊन आले आणि १८९१ मध्ये वारले. त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्याही घरात हीच ओढाताण झाली. नवरा ख्रिस्ती, बायको नाही, आणि मधे लहानगा दत्तू. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त ते सगळं सांगितलं आहे, रडवत आणि हसवत. टिळकांनी मराठी चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन आणलं. मिशनने १८७३ मध्ये मुलांसाठी सुरू केलेलं 'बालबोधमेवा' हे मासिक तर कितीतरी पिढ्यांनी वाचलं. नाताळ मराठी झाला तो असा, पेटी-तबला-झांजांच्या साथीने.

आता माझ्या गल्लीत येतो.

माझा जन्म १९८१ चा. त्याच वर्षी १ मे रोजी जालना जिल्हा झाला, म्हणून अब्बा मला 'जिल्हाधिकारी' म्हणत. आमच्या घरासमोर एक नर्सबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, आम्ही पोरं सिस्टरमावशी. त्यांच्याकडे नाताळची चाहूल लागायची ती कानोल्यांच्या वासाने. कानोल्या, चकल्या, बेसनाचे लाडू, शेव, म्हणजे दिवाळीचाच सगळा फराळ, फक्त दोन महिने उशिरा. दारावर बांबूच्या काड्यांना पतंगाचा कागद चिकटवून केलेली चांदणी. घरात कोपऱ्यात गव्हाणी, आणि तिच्यात ज्वारीचा कडबा. बेथलेहेममध्ये ज्वारी पिकत होती का, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. गव्हाणीत कडबाच असतो, आणखी काय असणार? रात्री दहानंतर मंडळी गाणी म्हणत घरोघरी फिरायची. थंडीत गोधडीतून ते आवाज ऐकू यायचे.

सांताक्लॉज तेव्हा आमच्या गल्लीत यायचा नाही. तो नंतर टीव्हीतून आला. त्याच्या मागचे संत निकोलस आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, हे मला पुढे बीएडला असताना ग्रंथालयात कळलं. तोवर नाताळ म्हणजे माझ्यासाठी क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट.

ते ताट आमच्याकडे यायचं, आणि अम्मी "बिस्मिल्ला पढके खाओ" म्हणून आमच्यापुढे ठेवायची. ताट रिकामं परत द्यायचं नाही, हा नियम दोन्ही घरचा. अम्मी त्यात खजूर भरायची. हजरत मरियमला कळा सुरू झाल्या तेव्हा त्यांनी खजुराच्या बुंध्याचा आधार घेतला आणि त्याच झाडाने त्यांना फळं दिली, हे कुराणात आहे. अम्मीला त्यापलीकडे चर्चा करायची गरज वाटत नव्हती. बाळंतिणीचा दिवस आहे, बाळंतिणीने जे खाल्लं ते पाठवायचं. नाताळला खजूर पाठवायचे, ही आमच्या घरची रीत. ते पोचवायचं काम माझं.

मी चौथीत असताना एक प्रसंग झाला. चर्चमधल्या मुलांचं नाताळचं नाटक होतं. मेंढपाळ होणारी मुलं खांद्यावर घोंगडी घेऊन तयार होती. पूर्वेकडून येणाऱ्या तीन ज्ञानी माणसांपैकी, ज्यांना मराठी बायबलात मागी म्हटलंय, एकाला आदल्या दिवशी ताप भरला. सिस्टरमावशी आमच्या दारात आल्या. त्यांनी अम्मीला नाही, अब्बांना विचारलं, "भाईजान, तुमचा मुलगा एक तास द्याल का? बोलायचं काही नाही. नुसतं डबा घेऊन चालायचं आहे."

अब्बा लगेच हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी मावशींना बसवलं, चहा ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "सिस्टर, एक विचारतो, राग मानू नका. त्यात बाळापुढे गुडघे टेकतात का?"

"टेकतात," मावशी म्हणाल्या.

"ईसा अलैहिस्सलामना आम्ही पैगंबर मानतो. पण झुकणं आमच्यात फक्त अल्लाहपुढे."

मावशींनी क्षणभर विचार केला. "मग दोघं टेकतील, हा उभा राहील. हात छातीवर ठेवला तरी चालेल. अदब तर अदबच."

त्या मागींनी आणलेल्या भेटी मराठी बायबलात आहेत: सोनं, ऊद आणि गंधरस. माझ्या वाट्याला ऊद आला. आमच्या घरी जुमेरातला ऊददाणीत ऊद जळायचा. अम्मीने त्यातलाच थोडा एका पितळी डब्यात घातला आणि मामूच्या निकाहातली शेरवानी टाचण्या लावून मला घातली. मी चाललो, डबा ठेवला, छातीवर हात ठेवून उभा राहिलो. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाही. घरी येऊन मी इशाची नमाज अब्बांबरोबर पढलो. तेव्हा मला यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

आज वाटतं. श्रीपतच्या प्रकरणात सगळे मोठे लोक कोर्टात बोलले, वर्तमानपत्रांत बोलले, सभांत बोलले. माझ्या बाबतीत दोन मोठी माणसं चहा पीत एकमेकांशी बोलली. भीती अब्बांनाही होतीच. त्यांनी ती लपवली नाही आणि तिच्या नावाने दारही लावलं नाही. त्यांनी आपली रेषा कुठे आहे ते सांगितलं, आणि समोरच्या बाईने ती रेषा राखून माझ्यासाठी जागा केली. दोन धर्मांतला फरक काही लहान नाही. त्यांच्यासाठी तो प्रभू, आमच्यासाठी पैगंबर. तो फरक त्या संध्याकाळी पुसला गेला नाही. तो मांडला गेला, म्हणून मला जाता आलं.

२००० साली नाताळ रमजानच्या अखेरच्या रोज्यांत आला. नाताळनंतर दोन-तीन दिवसांत ईद होती. ताट दुपारी येणार हे ठरलेलं. पण त्या वर्षी मावशींनी ते मगरिबच्या जरा आधी पाठवलं. आम्ही रोजा त्यांच्याकडे गेलेल्या खजुरांतल्याच उरलेल्यांनी सोडला आणि नंतर कानोल्या खाल्ल्या. ईदला शिरखुर्म्याचं पातेलं त्यांच्याकडे गेलं, ते साखर घालून परत आलं. 'ईद' हा शब्द कुराणात एकदाच येतो. तोही हजरत ईसांच्या दुआत, आकाशातून उतरणाऱ्या दस्तरखानासाठी, सूरह माइदामध्ये. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी मावशींना सांगितलं असतं. आता त्या नाहीत.

आता माझी चूक. तीन वर्षांपूर्वी धाकटी मुलगी दुसरीत होती. तिच्या वर्गातल्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने तिला घरी नाताळला बोलावलं. गव्हाणी सजवायची होती, चांदण्या कापायच्या होत्या. त्याच दिवशी सकाळी तो संदेश आला होता आणि ग्रुपवर कोणीतरी, माझं नाव न घेता, "काही शिक्षक लोक" असं लिहिलं होतं. मी मुलीला म्हणालो, "नाही जायचं." तिने विचारलं, "का?" मी म्हणालो, "नाही म्हणजे नाही."

मी त्या मुलीच्या आईवडिलांना फोन केला नाही. काय करणार आहात, आमची मुलगी कुठवर सहभागी होईल, हे विचारलं नाही. एक चहासुद्धा ठेवला नाही. कटर आणि रंगीत कागद पिशवीत भरून बसलेली माझी मुलगी ती पिशवी तशीच कपाटात ठेवायला गेली. दुसऱ्या दिवशी तिने मला जे विचारलं ते अजून टोचतं: "अब्बू, त्यांनी काही वाईट केलंय का?"

मुबारकबादच्या मसल्यावर आलिमांत मतभेद आहेत. मी मुफ्ती नाही, ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावं. सांताची टोपी घालायची की नाही हेही प्रत्येक आईबापाने ठरवावं. माझ्या शाळेत एखादा पालक "माझ्या मुलाला घालू नका" म्हणाला तर मी घालत नाही. मला सलतं ते वेगळंच. मी नकार दिला यापेक्षा, मी तो न बोलता दिला. मुलीला त्यातून धर्म कळला नाही. तिला फक्त एवढं कळलं की त्या घरात काहीतरी घाबरण्यासारखं आहे.

गेल्या डिसेंबरात मी गेलो. मुलीला घेऊन, संध्याकाळी, फोन करून. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांना म्हणालो, "एक विचारतो, राग मानू नका." पुढचं वाक्य बोलायला मला वेळ लागला. पण एकदा बोललो आणि पुढचं सोपं झालं. मुली आत चांदण्या कापत बसल्या. प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा त्या घरच्या आजीने स्वतःच माझ्या मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं, लाडू वळायला. ताट घेऊन आम्ही परतलो. घरी बायकोने ते धुतलं, पुसलं आणि कपाटातून खजुराचा डबा काढला.

आपल्याकडे म्हणतात, 'जालना सोने का पालना'. पाळणा म्हटला की मूल आलंच. त्याला कोण झुलवतंय यावरून भांडणं झाली, कोर्टंही झाली. तरी याच गावाजवळ बेथेलही वसलं.

चांद फिरत फिरत ३३ वर्षांनी त्याच ऋतूत येतो. २०३३ मध्ये रमजान ईद पुन्हा नाताळच्या तोंडावर येईल. माझी धाकटी तेव्हा वीसच्या आसपास असेल. ताट कोणी न्यायचं हे तिला सांगावं लागणार नाही, अशी दुआ करतो.